ती दारू नव्हती

मी आठवीत शाळा सोडली. त्यामुळं कुठं काही चुकलं तर सांभाळून घ्या. हात आता पेनावर थांबत नाही, म्हणून मी हे फोनमध्ये बोललो आणि आमच्या आजाराच्या गटातल्या एका ताईंनी कागदावर उतरवून दिलं. त्यांनी शुद्धलेखन सुधारलं, बोलणं माझंच ठेवलं. त्यांचे आभार आत्ताच मानतो. शेवटी राहून जातात.

माझ्या आजाराचं नाव स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया. ते म्हणायला शिकायला मला पंधरा दिवस लागले, आणि आता जीभ जड झाल्यामुळं परत म्हणता येत नाही. डॉक्टर मॅडमनी सोपं करून सांगितलं. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, तो अंगाचा तोल सांभाळतो. माझा तो हळूहळू सुकत चाललाय. हे रक्तातून येतं, आईकडून किंवा बापाकडून. थांबवायचं औषध अजून निघालेलं नाही. याच्या पुढचं डॉक्टरकीतलं मला कळत नाही.

मला एक लेक आहे. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही.

वारज्याची भिंत

मी रंगारी आहे. आहे असंच म्हणतो अजून. गाव परभणीच्या पुढं, तालुक्यापासूनही आत. पंधराव्या वर्षी पुण्यात आलो आणि हमीदभाईंच्या हाताखाली लागलो. हमीदभाईंच्या घरात आजोबांपासून रंगाची कंत्राटं घेतात. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. त्यांनी मला पुट्टी भरायला शिकवलं, रोलर मारायला शिकवलं, आणि पाच वर्षांनी छताची रेघ माझ्याकडं दिली. भिंतीचा रंग आणि छताचा रंग जिथं मिळतो तिथं ब्रशनं सरळ रेघ ओढायची असते. कुणी टेप लावून करतात. मी नुसत्या हातानं करायचो. धायरीला नवीन इमारती उठत होत्या तेव्हा चार-चार मजले मी एकट्यानं ओढलेत.

तर वारज्याला एका रिटायर्ड काकांच्या फ्लॅटचं काम होतं. संध्याकाळी ते बघायला आले. मान वर करून चारी कोपरे बघितले आणि म्हणाले, "हमीदभाई, समुद्राच्या लाटा काढायला मी सांगितलं नव्हतं. का ते फुकट आहे?"

मी वर बघितलं. रेघ खरंच लाटेसारखी होती. ओढताना मला ती सरळ दिसली होती.

त्याच महिन्यात शिडीवर दोनदा माझा पाय चुकला. चहाचा कप बशीत वाजायला लागला. आमच्यातली पोरं आपसात म्हणायला लागली, बालाजीनं सुरू केली वाटतं. हमीदभाईंच्या कानावर गेलं. त्यांनी मला गॅलरीत नेलं आणि म्हणाले, "तोंड उघड."

"भाई?"

"उघड म्हणतो ना."

मी तोंड उघडलं. साठीचा माणूस, दाढी पांढरी, माझ्या तोंडाशी नाक आणून उभा. मला रडू यायचं बाकी होतं.

"वास नाही," ते म्हणाले.

"भाई, मी पीत नाही. शपथ."

"शपथ कशाला घालतोस? नाक आहे मला." मग खांद्यावर हात ठेवला. "प्यायला असतास तर दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो. आता मला भीती वाटते. उद्या दवाखान्यात चल."

मी घरी गेलो आणि बायकोला, रेखाला, काही सांगितलं नाही. मला चक्कर, अशक्तपणा, कशाचंच भय वाटत नव्हतं. भय वेगळंच होतं. मी माझ्या बापासारखा चालायला लागलो होतो.

बाबा

बाबा धान्याच्या मोंढ्यात पोती उचलायचे. उंच माणूस, पाठ दाराएवढी. मी दुसरी-तिसरीत असताना ते पोत्यासकट पडले. मग परत पडले. मग रिकामे चालतानाही पाय फाकवून, भिंतीला हात लावत चालायला लागले. तरुणपणी पोळ्याला, लग्नात ते प्यायचे, हे गावाला माहीत होतं. त्यामुळं कुणी विचारलंच नाही. सगळ्यांनी ठरवलं.

वास येत नाही म्हटल्यावर लोक म्हणाले, गांजा असेल. गांजाही नाही दिसला तर म्हणाले, गोळ्या असतील, हल्ली मिळतात. मोंढ्यातून काढून टाकलं. माय रोज भांडायची. शेवटी चुलत्यांनी ठरवलं, खंडोबाच्या देवळात बेलभंडारा उचलू दे. आमच्याकडं हा शेवटचा उपाय. हातात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घेऊन देवासमोर खरं सांगायचं. खोटं बोललं तर घराचं वाटोळं होतं, असं मानतात, आणि म्हणून सहसा कुणी खोटं बोलत नाही.

रविवार होता. बाबांनी भंडारा उचलला. म्हणाले, "मी पीत नाही. पीत असंल तर माझं वाटोळं होऊ दे." आवाज जड, शब्द एकमेकांत गेलेले. देवळाला पाच पायऱ्या. तिसऱ्या पायरीवर त्यांचे पाय एकमेकांत अडकले आणि ते खाली तोंडावर आले. भंडारा सगळा चेहऱ्यावर. कुणीतरी म्हणालं, "देवानं जाग्यावर दाखवलं बघा." लोक हसले.

बाबांनी मातीतून हात वर केला. म्हणाले, "बाळ्या, हात दे."

मी तेरा वर्षांचा होतो. मी दिला नाही. मी घरी निघून आलो.

त्यानंतर शाळेत पोरं बाबांसारखं चालून दाखवायची. मी शाळा सोडली, ती त्यासाठी. लोकांना मी गरिबीमुळं म्हणून सांगत आलो.

बाबा पुढं चार वर्षं जगले. शेवटी त्यांचं बोलणं कळत नव्हतं. पाणी पाजलं तरी ठसका लागायचा. मी पुण्यात होतो. एकदा त्यांनी किराणा दुकानावरून फोन केला, तर मी म्हणालो, "पिऊन फोन करू नका." आणि ठेवला. ते काय सांगणार होते ते मला आता कधीच कळणार नाही.

वॉर्ड

सरकारी दवाखान्यात मला नऊ दिवस ठेवलं. पहिल्यांदा गेलात तर एवढं लक्षात ठेवा: सकाळी पाचला फरशी पुसायला येतात, तेव्हा चप्पल पलंगावर घ्या. ओल्या फरशीवर आपल्यासारख्याचं काही खरं नाही. चहा सातला. डॉक्टरांचा मोठा घोळका दहाला. तो गेला की वॉर्डात एकदम उजाड वाटतं, कारण जे विचारायचं होतं ते तोंडातच राहिलेलं असतं. चिठ्ठीवर लिहून ठेवा.

फरशी पुसणाऱ्या मावशींनी तिसऱ्या दिवशी माझं चालणं बघितलं आणि न विचारता माझा पलंग संडासाजवळच्या भिंतीकडं सरकवून घेतला. "भिंत धरून जाशील," एवढंच म्हणाल्या. माझ्या आयुष्यात लोकांनी मला बरंच दिलंय, पण ती भिंत मी विसरणार नाही.

मेंदूच्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्याहून लहान होत्या. त्यांनी मला फरशीच्या रेघेवरून टाचेला अंगठा लावत चालायला सांगितलं. मी तीन पावलांत पडलो. मग बोटानं शिवायचं: त्यांचं बोट, माझं नाक, त्यांचं बोट. माझं बोट डोळ्यात गेलं.

मग त्यांनी विचारलं, "घरात अजून कुणाला असं होतं का? तोल जाणं, बोलणं जड होणं?"

"नाही."

"आई-वडील?"

"आई चांगली आहे. वडील गेले. ते प्यायचे."

"म्हणजे तुम्ही त्यांना पिताना पाहिलंय?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. मग आठवायला लागलो. ग्लास आठवेना. बाटली आठवेना. गुत्त्यातून बाहेर येताना आठवेनात. नुसतं चालणं आठवत होतं.

"शेवटी गिळताना ठसका लागायचा का त्यांना?"

"हो."

"नजर कशी होती? डोळे फिरवायला वेळ लागायचा?"

"हो." बाबा आधी मान वळवायचे, मग डोळे यायचे. आम्ही पोरं त्याला दारुडी नजर म्हणायचो.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बालाजी, रक्त तपासायला पाठवू. त्याशिवाय मी काही म्हणणार नाही." पण त्यांनी पेन ज्या तऱ्हेनं ठेवलं त्यावरून मला कळलं होतं.

कागद

रिपोर्टला दीड महिना लागला. रेखा बरोबर होती. ती चार घरी पोळ्या करते, त्या दिवशी चारही घरी सुट्टी सांगून आली होती. मॅडमनी दार लावून घेतलं, दोघांना बसवलं, घाई केली नाही. जे ऐकलं त्यातलं निम्मं आठवत नाही. वर्षं लागतील, एकदम होणार नाही, व्यायाम सोडायचा नाही, काठी धरायला लाजायचं नाही, पाणी पिताना हनुवटी छातीकडं घ्यायची. आणि लेकीला येण्याची शक्यता निम्मी. म्हणजे नाणं फेकल्यासारखं.

"तिचं रक्त तपासायचं?" रेखानं विचारलं.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "ती लहान आहे. मोठी झाल्यावर तिला वाटलं तर तिचं ती ठरवेल. न वाटलं तर तेही तिचंच."

बाहेर बाकावर आम्ही बसलो. रेखा माझा हात धरून होती, की मी काही बोलेन, रडेन. मी म्हणालो, "बाबा पीत नव्हते."

तिला आधी कळलंच नाही. "काय?"

"ते पीत नव्हते गं. त्यांनी खरा भंडारा उचलला होता."

मग मी रडलो. माझ्यासाठी रडलो असं लोकांना वाटलं असेल. समोरच्या बाकावरच्या एका आजींनी त्यांच्या पिशवीतलं केळं काढून मला दिलं. मी खाल्लं. काय करणार, भूक लागली होती.

तुम्हाला खोटा धीर देणार नाही. पहिले दोन-तीन महिने वाईट असतात. मी लेकीकडं बघायचो, ती सोसायटीत पोरींबरोबर लंगडी खेळायची, आणि मी खिडकीतून मनात आकडे म्हणायचो, एका पायावर किती वेळ राहते. एकदा ती लवकर टेकली तर मी दोन दिवस जेवलो नाही. शेवटी रेखानं खिडकीचा पडदा शिवून टाकला. खरंच शिवला, दोन्ही बाजूंनी. म्हणाली, "अहो, ती खेळतेय. तुम्ही तिची परीक्षा घेताय. तिला कळलं तर ती खेळायची थांबेल."

हमीदभाईंनी मला कामावरून काढलं नाही. मी खाली बसून रंग मिसळतो, छटा जुळवतो. डोळा अजून चांगला आहे. मॅडमनी लिहून दिलेली मराठी चिठ्ठी, की या माणसाला तोल जाण्याचा आजार आहे, त्याने मद्यपान केलेले नाही, ती भाईंनी प्लास्टिकमध्ये बंद करून माझ्या गळ्यात अडकवली. बसमध्ये उपयोगी पडते. तुम्हीही मागून घ्या. लाज वाटते पहिल्यांदा, पण मारापेक्षा बरी.

मायला सांगायचं का

हाच प्रश्न आमच्या घरात सहा महिने बसून होता. माय गावाला एकटी राहते. तिच्या हिशेबी तिचा नवरा दारूनं मेला आणि देवाची खोटी शपथ घेऊन मेला. पंचवीस वर्षं ती त्याचं नाव घेत नव्हती. पितरं जेवायला घालायची तेव्हाही बाबांच्या फोटोकडं पाठ करून वाढायची.

मी सांगितलं तर तिला नवरा परत मिळणार होता. पण त्याच वाक्यात मुलगा जाणार होता, आणि नातीचंही काही सांगता येणार नव्हतं.

रेखा म्हणायची, "नका सांगू. या वयात त्यांनी किती झेलायचं? बाबा गेले ते गेले. त्यांना आता काय फरक पडतो?"

मी म्हणायचो, "त्यांना पडतो." आणि तरी सांगत नव्हतो. भित्रा माणूस आहे मी. फोनवर रेखाच बोलायची, मी बाजूला गप्प. सांगायची, ते कामावर आहेत, आंघोळीला गेलेत.

एक दिवस माय म्हणाली, "सारखा कामून आंघोळ करायलाय तो? दे त्याला फोन."

मी घेतला. "माय, कशी आहेस?" एवढंच. पण ते "माय कशायेस" असं निघालं, ओल्या कापडासारखं.

ती हळू म्हणाली, "बाळ्या, तू पिऊन बोलायलास?"

"नाही गं माय."

"तुझा बाप बी नाहीच म्हणायचा." आणि फोन ठेवला.

पुडी

तिसऱ्या दिवशी सकाळी ती वाकडेवाडीच्या स्टँडवर उतरली. पुण्याला ती त्याआधी एकदाच आली होती, लेकीच्या बारशाला. रेखा जाऊन घेऊन आली. मी दार उघडायला उठलो, कपाटाला धरून, भिंतीला धरून. ती उंबऱ्यात उभी राहून माझं येणं बघत होती. मी जवळ पोचायच्या आत ती खालीच बसली.

"तसाच," ती म्हणाली. "अगदी तसाच चालायलास."

मी तेव्हा सांगायला पाहिजे होतं. रेखानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. माझ्या डोक्यात एकच आलं: दारुडा पोरगा सुधारू शकतो. तिला तेवढी आशा आहे. ती घेऊन तिला काय देऊ? म्हणून मी चार दिवस आईसमोर दारुडा झालो. तिनं शिव्या घातल्या, ऐकल्या. तिनं लेकीला माझ्यापासून लांब झोपवलं, झोपवू दिलं. गळ्यातली चिठ्ठी काढून उशीखाली ठेवली. रेखा स्वयंपाकघरात भांडी आपटत होती, सासूवर नाही, माझ्यावर.

पाचव्या दिवशी मायनं चहा आणून दिला. तिनं स्वतःहून केलेला पहिला चहा. मी कप दोन्ही हातांत धरला, तेवढ्यात रेखा आतून धावत आली.

"पिऊ नका! अहो, पिऊ नका. आई त्यात काहीतरी टाकत होत्या, मी बघितलं."

माय उभी राहिली. पदराच्या गाठीतून एक कागदाची पुडी काढून दाखवली. जराही लपवलं नाही. "इख न्हाई हे. औषध हाय. दारू सुटायचं. आमच्याकडं एक बाबा देतो. पिणाऱ्याला सांगायचं नसतं, गुपचूप घालायचं."

"आई, काय आहे त्यात?"

"मला काय ठाव? पाला असंल. यानं मळमळतं, मग दारू नकोशी होती." मग माझ्याकडं वळून समजुतीच्या आवाजात म्हणाली, "तुझ्या बापाला तीन वरीस घातलं मी. त्याला गुण आला न्हाई. पण तू अजून तरणा हायेस. तुला येईल, लेकरा."

मला एकदम बाबा दिसले. जेवण झालं की न्हाणीच्या दगडावर वाकून ओकत बसलेले. रोज. आम्ही समजायचो, जास्त झाली.

तिथं मला राहवलं नाही. मी ठरवून बोललो नाही, निघून गेलं तोंडातून.

"माय, बाबा पीत नव्हते."

"गप."

"त्यांना आजार होता. मला आहे तोच. माझ्या रक्तात निघालाय."

"तुझ्या रक्तात त्याचं कसं निघालं?"

"त्यांच्याकडूनच आलंय ना."

रेखानं उशीखालची चिठ्ठी आणली आणि वाचून दाखवली. मायला वाचता येत नाही, पण तिनं ती हातात घेतली, उलटी सुलटी केली, प्लास्टिकवरून बोट फिरवलं. लेक शाळेत होती, बरं झालं.

मग माय म्हणाली, "ओकायचा. ताटावरून उठला की ओकायचा. अन् मी शेजारणीला सांगायचे, लागू पडायलंय बघ औषध."

रेखा तिच्याजवळ जायला लागली तर तिनं हातानंच थांबवलं. उठली. कप मोरीत ओतला. तो घासला. परत घासला. राख नाही म्हणून साबण जास्त घेतला आणि परत घासला.

"हाता-पायानं धड असता तर मला दोन ठेवून दिल्या असत्या त्यानं," ती मोरीकडं तोंड करून म्हणाली. "ते बी करता येत नव्हतं माणसाला."

दोन दिवस तिनं काही खाल्लं नाही. पाणी प्यायली, चूळ भरली, लेकीची वेणी घातली. मला वाटलं, रेखाचं बरोबर होतं, मी माझ्या आईला मारलं. तिसऱ्या दिवशी तिनं आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली आणि म्हणाली, "मला त्या डॉक्टरणीकडं ने."

चौकोन

मॅडमनी मायला खुर्ची दिली, पण ती स्टुलावर बसली. खुर्ची माझ्यासाठी, म्हणाली. मॅडमनी तिला प्रश्न विचारले, एकही टाळला नाही तिनं. कधीपासून, कसं, आधी पाय की आधी जीभ. पुडीचंही सांगितलं. म्हणाली, "त्यानं मेला का तो?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "आजार त्याच्या वाटेनंच जातो. तुम्ही काही केलं असतं किंवा नसतं, तरी."

"पण तरास झाला असंल."

"झाला असेल," त्या म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत. माझ्या मनात त्यांची किंमत तेव्हा फार वाढली.

मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि आमच्या घराचा नकाशा काढायला लागल्या. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. वर बाबा आणि माय, मध्ये आडवी रेघ. तिथून खाली रेघ, मी. माझ्या बाजूला गोल, रेखा. तिथून आणखी खाली एक छोटा गोल. मग पेननं बाबांचा चौकोन आतून काळा करायला लागल्या, सावकाश, कडेपर्यंत.

माय पुढं वाकली. "हे काळं कामून?"

"काळं म्हणजे त्यांना आजार होता, असं आम्ही मानतो. आम्ही त्यांना तपासलेलं नाही, म्हणून दाखला देता येणार नाही. पण आमच्या कागदावर आता असंच राहील."

"कायम?"

"कायम."

मॅडमनी माझाही चौकोन काळा केला. माय त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं खालच्या छोट्या गोलावर बोट ठेवलं. "अन् ही?"

"ही तुमची नात."

"ही कोरी हाय."

"माहीत नसलं की कोरं ठेवतात."

"राहू द्या," माय म्हणाली. "कोरंच राहू द्या." आणि मग, "मला ह्या कागदाची नक्कल पायजे."

मॅडमनी कागद दिला. मूळ प्रत परत आणून द्या म्हणाल्या.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर झेरॉक्सचं दुकान आहे. गर्दी होती. आम्ही तिघं उभे राहिलो, मी रेखाला धरून. मला विचारल्याशिवाय राहवेना.

"माय, काय करणार आहेस त्याचं?"

"गावात दाखवणार."

"कुणाला?"

"सगळ्यांना. चुलत्याला तुझ्या. मोंढ्यात. ते देवळापशी हासले होते त्यातले जितके जित्ते हायेत त्यांना. न्हाई समजलं तर तू फोनवर समजून सांग."

आमचा नंबर आला. दुकानदारानं कागद काचेवर ठेवायला घेतला तर मायनं त्याचा हात धरला.

"थांब बाबा."

तिनं कागद परत घेतला. काउंटरवर पसरला. मग खालच्या बाजूनं, माझ्या चौकोनाच्या जरा खाली, घडी घातली. अंगठ्याच्या नखानं ती घडी दाबली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोनदा. छोटा गोल मागच्या बाजूला गेला.

"पोरीचं उद्या लग्न व्हायचंय," ती मला म्हणाली. "गावाला तिचं काय करायचंय? तुझं काय, तुझं दिसतंच हाय सगळ्यांना." मग दुकानदाराला म्हणाली, "आता काढ. दहा काढ."

दहा प्रती निघाल्या. गरम होत्या. तिनं त्या पिशवीत घालायच्या आधी एक माझ्या हातात दिली. वर बाबा, काळे. मध्ये मी, काळा. माझ्या खाली एक रेघ निघालेली, आणि तिथंच कागद संपलेला.